पुरंदरचे उघडे डोंगर

ज्येष्ठाच्या अखेरीस ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडच्या वाटेला लागते, तेव्हा काही तासांपुरता दिवे घाट हा महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाहिला जाणारा डोंगर होतो. वळणावळणांनी चढणाऱ्या दिंड्या, भगव्या पताका आणि मागे पहिल्या पावसात कोवळा हिरवा झालेला उतार, हे दृश्य घराघरांतल्या टीव्हीवर दिसते. एप्रिलच्या दुपारी त्याच घाटातून जाणाऱ्याला मात्र हा तोच डोंगर आहे यावर विश्वास बसत नाही. पिवळे, भुरकट गवत, मधूनमधून काळा कातळ, पाने झडलेली खुरटी झाडे. गाडीतले कोणी तरी हमखास म्हणते, ‘किती उजाड! इथे झाडे लावायला हवीत.’

झाडे लावायची की नाही, या प्रश्नाकडे शेवटी वळूच. त्याआधी डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत नीट पाहायला हवा. इथे खडकाने पाण्याची जागा ठरवली आहे, पाण्याने झाडांची आणि झाडागवताने जनावरांची. हा क्रम एकदा लक्षात आला की कोणते झाड कुठे भेटेल आणि कोणता पक्षी कुठे घरटे करील, याचा अंदाज चालता चालता बांधता येतो.

हे डोंगर सह्याद्रीपासून पूर्वेकडे फुटलेल्या भुलेश्वर रांगेतले. सिंहगड, कात्रज, दिवे घाट, मल्हारगड असे करत ही रांग यवतजवळच्या भुलेश्वरापर्यंत जाते. तिच्या उत्तरेचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते आणि दक्षिणेचे कऱ्हेतून नीरेला. रांगेतला पुरंदर साडेतेराशे मीटरहून उंच आहे, पण बहुतेक माथे त्याहून बरेच ठेंगणे. सह्याद्रीच्या धारेवर लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पुण्याला येईपर्यंत तो सातशेच्या आसपास उतरतो आणि सासवड-जेजुरीकडे सरकताना पाचशेच्या घरात येतो. पश्चिमेकडून आलेले ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडच्या डोंगरांना उरलेसुरले मिळते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस कमी, तोही चार महिन्यांत आणि लहरी. उरलेले आठ महिने ऊन आणि वारा.

लाव्ह्याचे थर

दिवे घाटाचा रस्ता ज्यांनी फोडला, त्यांनी नकळत भूशास्त्राचे एक पान उघडून ठेवले आहे. कापलेल्या दरडीत थरांवर थर दिसतात. काही थर काळेकुळकुळीत आणि घट्ट, काही भुरकट आणि भोकाभोकांचे, तर मधूनच विटकरी रंगाचा एखादा पट्टा. हे सगळे दख्खनच्या लाव्ह्याचे काम. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा बाहेर आला आणि पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. एक प्रवाह निवला की त्यावर दुसरा. आज उरलेला हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यावरच वसला आहे.

प्रत्येक प्रवाह निवताना त्याच्यातला वायू वर येऊ लागतो. त्यामुळे थराच्या वरच्या भागात बुडबुडे अडकून राहतात आणि तो सच्छिद्र होतो. मधला भाग सावकाश निवतो आणि घट्ट, चिवट बनतो. पुढे कोट्यवधी वर्षांचे ऊन-पावसाचे घाव बसले, तेव्हा सच्छिद्र भाग लवकर झिजला आणि त्याचा उतार झाला. घट्ट भाग टिकला, त्याचा उभा कडा झाला. या भागातल्या डोंगरांना जे पायऱ्यांचे रूप आहे, एक कडा, एक उतार, पुन्हा कडा आणि शेवटी सपाट माथा, ते असे घडले. गड बांधणाऱ्यांना हे चांगलेच उमगले होते. नैसर्गिक कड्याला त्यांनी तटाचे काम दिले आणि कड्याखालच्या सपाटीला माचीचे. १७५७ ते १७६० या काळात पानसे घराण्याने बांधलेला मल्हारगड हा महाराष्ट्रातला अखेरचा किल्ला मानला जातो. त्याचा माथाही अशाच एका लाव्हाथराच्या सपाटीवर आहे.

विटकरी पट्ट्याची गोष्ट निराळी. दोन उद्रेकांमध्ये जेव्हा बराच काळ गेला, तेव्हा आधीच्या थराचा वरचा भाग कुजून त्याची माती झाली. त्यावर कधी ज्वालामुखीची राखही पडली. मग वरून नवा तापलेला प्रवाह आला आणि ती माती भाजून लाल झाली. हा लाल थर शास्त्रज्ञांच्या फार कामाचा ठरला आहे. कालमापनासाठी उत्तम असे झिरकॉनचे स्फटिक बेसॉल्टमध्ये सहसा सापडत नाहीत, पण या लाल थरांत मिसळलेल्या राखेत ते सापडतात. पश्चिम घाटातल्या अशा थरांमधून झिरकॉन वेचून ब्लेअर शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले, की लाव्ह्याचा मुख्य ओघ डायनोसॉर संपले त्या काळाच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षांत आटोपला. भूशास्त्राच्या मोजपट्टीवर हा काळ अगदीच थोडका.

बुडबुड्यांची भोके रिकामी राहिली नाहीत. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली खनिजे त्यात आणून बसवली. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, कॅल्सिडनी अशा पांढऱ्या, गुलाबी, हिरवट गाठी या भागात पायाखाली विखुरलेल्या असतात. पोरे त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतला गडद निळा कॅव्हनसाइट तर जगभरच्या खनिज संग्रहालयांत मानाने मांडलेला असतो.

उतारावर जागोजागी गोल धोंडे पडलेले दिसतात. ते कुठून गडगडत आलेले नसतात, बहुधा तिथेच घडलेले असतात. घट्ट बेसॉल्टला निवताना भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी शिरते आणि प्रत्येक चौकोनी तुकडा कडांकडून कुजू लागतो. कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकेक साल सुटत जाते आणि मधला न कुजलेला गाभा गोल होऊन उरतो. सुटलेल्या सालींचा चुरा म्हणजे मुरूम. डोंगरउतारावर मातीच्या नावाखाली जे असते, ते बहुतेक हेच. त्याची खोलीही अनेक जागी वीतभरच असते.

पाणी कुठे थांबते

काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी माती खाली खोऱ्यात साठते. उतारावर पडलेला पाऊस मुरमातून झरकन खाली जातो आणि घट्ट कातळ लागला की आडवा सरकतो. लाल थर किंवा घट्ट खडक उताराला जिथे उघडा पडतो, तिथे हे पाणी पाझरून बाहेर येते. पावसाळ्यानंतर महिना-दोन महिने चालणारे असे पाझर कड्याच्या पायाशी ओळीने दिसतात. विहीर खोदणाऱ्यांना ही विद्या अनुभवातून ठाऊक असते. मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक लागला तर पाण्याची आशा, आणि काळा पाषाण लागला तर सुरुंग व मनस्ताप. गडांवरची टाकी मात्र मुद्दाम याच घट्ट पाषाणात खोदलेली असतात, कारण त्यात साठवलेले पाणी गळत नाही.

कोरडेपणाचा आणखी एक पुरावा ओढ्यांच्या काठी सापडतो. दरडीतून पांढरट, ओबडधोबड चुनखडीचे खडे डोकावतात. जिथे पाऊस भरपूर असतो, तिथे मातीतला चुना धुऊन जातो. जिथे पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, तिथे तो मातीतच साखळतो. हे खडे म्हणजे हजारो वर्षांच्या कोरड्या हवेची नोंद आहे. कऱ्हेच्या काठी मोरगावला याहून मोठी नोंद आहे. तिथल्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ही राख दख्खनची नाही. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून ती उडाली, भारतावर पडली आणि डोंगरउतारांवरून धुऊन ओढ्यानदीत साचली. कुकडीकाठच्या बोरी गावीही तशीच राख आहे. दोन्ही ठिकाणी गाळात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. ही राख टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर संशोधकांमध्ये बराच वाद झाला. कऱ्हेच्या खोऱ्यात माणूस फार जुन्या काळापासून वावरतो आहे, हे मात्र त्या हत्यारांनी पक्के केले.

गवताचे राज्य

वीतभर मुरूम, चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन, या हिशेबात सर्वांत चांगले बसते ते गवत. या उतारांवरच्या कुसळी, डोंगरी, पवन्या अशा गवतांची पाने सी-फोर पद्धतीने अन्न तयार करतात. तेवढ्याच पाण्यात ती इतर अनेक वनस्पतींपेक्षा जास्त वाढ साधतात. जूनमध्ये फुटायचे, सप्टेंबरात गुडघ्यापर्यंत यायचे, दसरा-दिवाळीला बी धरायचे आणि मग वाळून जायचे, असा त्यांचा क्रम. वरचे पान वाळले तरी जमिनीलगतचा कोंब जिवंत राहतो. त्यामुळे मेंढीने खाल्ले किंवा वणव्याने जाळले, तरी पुढच्या पावसात ठोंब पुन्हा फुटतो.

कुसळीच्या बियांची युक्ती पाहण्यासारखी आहे. बीला एक लांब, पीळदार कुसळ असते. ते ओले झाले की पीळ उलगडतो आणि वाळले की पुन्हा वळतो. रात्री दव पडते, सकाळी ऊन लागते, आणि दर खेपेला बी गोल फिरून थोडे थोडे जमिनीत घुसते. मागे वळलेल्या केसांमुळे ते परत बाहेर येऊ शकत नाही. हेच कुसळ चालणाऱ्याच्या मोज्यात आणि मेंढीच्या लोकरीतही तितक्याच सराईतपणे शिरते. म्हणून कुसळी पिकल्यावर मेंढपाळ तिथे कळप घालायला कुरकुरतात. कोवळ्या कुसळीवर मात्र जनावरे आवडीने तुटून पडतात.

या गवताभोवती धनगरांचे वर्ष फिरते. दिवाळीनंतर त्यांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे किंवा दूरच्या मुलखाकडे निघतात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. पावसाळा तोंडावर आला की कळप परत कोरड्या माळांवर येतात, कारण कोकणातल्या मुसळधार पावसात दख्खनी मेंढीचा निभाव लागत नाही. म्हणजे नुकते फुटलेले गवत आणि कळपाचे परतणे एकाच वेळी घडते.

गवताच्या आड पावसाळ्यात आणखी एक सृष्टी उगवते. तिचे जीवन जमिनीखालच्या कंदात असते. ऐन उन्हाळ्यात, पानाचाही पत्ता नसताना, कोळकांद्याचा उंच दांडा फुलतो. पाऊस पडला की पांढऱ्या मुसळीच्या चांदण्या दिसतात आणि कातळाच्या खाचांत आभाळीची जांभळी-निळी फुले. खरपुडीच्या वेलीला लागणारी कंदिलासारखी फुले तर माश्यांचे सापळेच असतात. वासाने आलेली छोटी माशी फुलाच्या नळीत उतरते, आणि नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असल्याने अडकून पडते. आत धडपडताना तिला परागांच्या पिशव्या चिकटतात. काही काळाने केस कोमेजतात आणि माशी सुटून पुढच्या फुलाकडे जाते. फुलाला तिला मारायचे नसते, फक्त थोडा वेळ डांबून ठेवायचे असते.

कपारीतली झाडे

झाडे या डोंगरांवर नाहीत असे नाही. ती निवडक जागी आहेत. कड्याच्या भेगेत मूळ खोल जाते, तिथे ओल टिकते, गवत विरळ असल्याने वणवाही सहसा पोहोचत नाही आणि शेळीलाही चढता येत नाही. म्हणून कडे आणि धोंड्यांचे उतार ही सालई, मोई, गणेर आणि कांडोळ यांची हक्काची ठिकाणे. उन्हाळ्यात पाने टाकून देऊन ही झाडे पाण्याचा खर्च थांबवतात. सालईच्या पातळ, सोलवटणाऱ्या सालीतून सुगंधी राळ येते, ती धुपाला वापरतात. कांडोळाचे पांढुरके खोड चांदण्यात लांबून उठून दिसते. त्याच्या सालीखाली हिरवा थर असतो, त्यामुळे पाने नसतानाही झाड थोडे अन्न बनवू शकते. गणेर फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर पिवळीधमक फुले धरतो. त्या दिवसांत दूरच्या कड्यावरचा एकटा गणेरही डोळ्यांत भरतो.

पाझराच्या ओळीवर निराळी मंडळी असतात. उंबर, पायर, नांद्रुक ही सगळी फळे खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून कपारीत पोहोचलेली. ओढ्याच्या काठी करंज. खालच्या सपाटीवर, जिथे माती जरा बरी आहे, तिथे पांढुरक्या खोडाचा हिवर, बोर आणि बाभूळ. अधल्यामधल्या उतारावर हेकळीची काटेरी जाळी. काट्यांवर चढणारी वाघाटीही इथलीच. आषाढी द्वादशीला उपास सोडताना वाघाटीच्या फळांची भाजी करण्याची रीत आहे आणि ती फळे नेमकी पालखीच्या दिवसांत बाजारात येतात.

कड्यांवरची सर्वांत दुर्मीळ रहिवासी म्हणजे शिंदळ माकुडी. निकोल डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ साली तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. ती सापडते फक्त महाराष्ट्रात, मोजक्या कड्यांवर. जुन्नर परिसर हे तिचे जुने ठिकाण आणि पुरंदरचे कडेही त्या यादीत आहेत. तिच्या नात्यातल्या निवडुंगासारख्या दिसणाऱ्या बहुतेक वनस्पतींना खरी पाने नसतात, हिला मात्र असतात. पावसाळ्यात मांसल दांड्यांना पाने फुटतात, मग पिवळ्या ठिपक्यांची गडद तांबडी तारेसारखी फुले येतात. कोरडे दिवस आले की पाने गळतात आणि नुसता दांडा कातळाला धरून राहतो. जगातल्या अतिधोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत तिचे नाव एकेकाळी झळकले होते. आता रोपवाटिकांत ती सहज वाढवता येते, पण कड्यावरची तिची जागा मात्र खाणीच्या आणि वणव्याच्या तावडीत आहे.

दिवसा सरडे, रात्री घुबड

एप्रिल-मेमध्ये, जेव्हा डोंगर सर्वांत निर्जीव वाटतो, तेव्हाच धोंड्यांवर एक रंगीत नाटक चालू असते. सरड्याचा नर उंचशा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग उन्हात चमकतात. दुसरा नर दिसला की पंख्यांची उघडझाप जोरात होते, कधी झोंबाझोंबीही. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी अशा रंगीत पंख्याच्या दख्खनी सरड्यांसाठी स्वतंत्र प्रजाती मांडली आणि तिचे शास्त्रीय नाव मराठीतूनच घेतले: सरडा. पावसाला तोंड फुटले की मादी मऊ झालेल्या मातीत अंडी घालते.

मृग लागताना आणखी एक पाहुणा वर येतो. मखमली लाल मृगाचा किडा. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नसून कोळ्यांच्या नात्यातला. पहिल्या पावसानंतर वारुळातून उडणाऱ्या वाळवीवर तो ताव मारतो आणि काही दिवसांत पुन्हा जमिनीत गडप होतो.

गवतात घरटे करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम पावसाळ्याभोवतीच असतो, कारण तेव्हाच टोळ आणि अळ्या मुबलक असतात. चंडोलाच्या जातीचे पक्षी, तित्तिर, लावा, टिटवी, सगळे जमिनीवरच अंडी घालतात. डोंबारी चंडोलाचा नर हवेत उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा पडतो आणि जमिनीला टेकण्याआधी पुन्हा वर उसळी घेतो. लांब पायांचा धाविक मात्र उंच गवतात जात नाही. त्याला मोकळी, खडकाळ जमीन लागते. थोडक्यात, एकाच माळावर उंच गवत, बुटके गवत आणि उघडा कातळ असे तुकडे असले, तर पक्ष्यांचे प्रकार वाढतात.

थंडीत भोवत्ये येतात. हे शिकारी पक्षी मध्य आशियात, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांत वाढतात आणि हिवाळ्यात भारतातल्या माळांवर उतरतात. दिवसभर गवतावरून अगदी खालून तरंगत टोळ, उंदीर, छोटे पक्षी टिपतात. संध्याकाळी अनेक जण एकत्र जमून उंच गवतात, जमिनीवरच रात्र काढतात. गवत जळून गेले किंवा नांगरले गेले, तर त्यांना झोपायलाच जागा उरत नाही.

रात्रीचा मोठा शिकारी म्हणजे शृंगी घुबड. ओघळींच्या कडा, कपारी आणि सोडून दिलेल्या दगडखाणीतल्या फळ्यांवर ते अंडी घालते. सासवड-जेजुरी परिसरात डॉ. सतीश पांडे आणि पिंगोरीच्या इला फाउंडेशनने या घुबडाचा दीर्घ अभ्यास केला आहे. घुबडाच्या उलटीतल्या हाडांवरून त्याने काय खाल्ले ते कळते, आणि त्यात शेतातले उंदीर-घुशी मोठ्या प्रमाणात निघतात. अपशकुनी म्हणून दगड मारला जाणारा हा पक्षी शेतकऱ्याचे धान्य वाचवतो.

धोंड्यांखाली फुरसे असते. अंगावरच्या खरखरीत खवल्यांना एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज करते. तो इशारा असतो. भारतात सर्पदंशाच्या बळींना जबाबदार असलेल्या चार प्रमुख सापांपैकी हा एक, त्यामुळे या डोंगरांवर दगड उचलायचा असेल, तर हाताने नव्हे, काठीने उलटावा.

खोकड, तरस, लांडगा आणि चिंकारा या चौघांचा वावर बहुतेकांना दिसत नाही. खोकड माळावरच बिळे खणते आणि उंदीर-किड्यांबरोबर बोरेही खाते. त्याच्या विष्ठेत बोरांच्या आठळ्या सापडतात, म्हणजे बोरीची पेरणी त्याच्याकडूनही होते. तरस कपारीत राहते आणि मेलेल्या जनावरांवर जगते. चिंकारा पाण्याशिवाय बरेच दिवस काढतो, कोवळ्या पानांतून आणि दवातून भागवून घेतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली मुख्यतः त्याच्यासाठी घोषित झाले. ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे. चिंकारे अर्थातच त्या हद्दीत मावत नाहीत, आसपासच्या पडीक रानांतही फिरतात.

लांडग्याला तर हद्दच नसते. दिवसा गवतात किंवा ओघळीत झोपायचे आणि रात्री शेते, रस्ते, वस्त्या ओलांडत मैलोन् मैल फिरायचे. गवत कमी होत गेले तसा त्याचा आणि गावातल्या कुत्र्यांचा संबंध वाढला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुणे जिल्ह्यातल्या लांडग्यांच्या कळपाजवळ दिसलेल्या वेगळ्या रंगाच्या प्राण्यांची जनुके तपासली गेली, तेव्हा लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकांतून स्पष्ट झाले. कुत्र्यांचे आजार आणि कुत्र्यांची जनुके, दोन्ही आता लांडग्याच्या दाराशी आहेत.

तोडलेले जंगल की जुना माळ?

इथे पूर्वी दाट जंगल होते आणि माणसाने ते तोडून माळ केला, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. लाकूडतोड आणि अतिचराई झाली, यात शंका नाही. पण माळ मुळातच जुना आहे, असे सांगणारे पुरावेही भक्कम आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा सापडला. त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे. शहामृग हा दाट जंगलातला पक्षी नाही. तो महाराष्ट्रात अंडी घालत होता, म्हणजे मोकळी रानेही होती.

२०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी वेगळाच पुरावा तपासला. पश्चिम महाराष्ट्रातल्या तेराव्या शतकापासूनच्या मराठी आख्यानांत, ओव्यांत आणि लोककथांत कोणत्या रानझाडांची नावे येतात, ते त्यांनी शोधले. त्यांतली बहुसंख्य झाडे मोकळ्या, काटेरी, गवताळ रानातली निघाली. बोर, बाभूळ, हिवर, पळस यांच्या सावलीत घडणाऱ्या त्या कथांत दाट अरण्य फारसे नाही. इंग्रजांची कुऱ्हाड इथे पोहोचण्याच्या कितीतरी शतके आधी हा मुलूख असाच होता, असे त्यावरून दिसते.

सरकारी नकाशांत मात्र अशी जमीन अनेकदा ‘पडीक’ या रकान्यात जाते. पडीक म्हटले की ती कामाला लावायची घाई होते. खाण, प्लॉटिंग, सौर प्रकल्प किंवा वृक्षारोपण, कशालाही ती चालते. वृक्षारोपणात अनेक टेकड्यांवर गिरिपुष्प लावले गेले. मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले हे झाड झपाट्याने वाढते आणि गुरे त्याच्याकडे फारशी फिरकत नाहीत. म्हणून ते लावणाऱ्यांना सोयीचे वाटले. त्याच्या दाट सावलीत गवत मात्र मरते, आणि गवताबरोबर चंडोल, तित्तिर, खोकडही.

खड्डा खणण्यापूर्वी

याचा अर्थ या डोंगरांवर काहीच लावू नये असा नाही. कुठे काय लावावे, हे डोंगराच्या थरांकडे पाहून ठरवता येते. ओघळीत आणि पाझराच्या ओळीवर उंबर, पायर, करंज जगतात. कड्याच्या पायथ्याच्या धोंड्यांत सालई, मोई, गणेर. खालच्या मातीत हिवर, बोर, बाभूळ. मधल्या उतारावर वीतभर मुरमाखाली अखंड कातळ लागत असेल, तर खड्डा आणि सलग समतल चर खणून गवताचे जुने ठोंब उपटण्यापेक्षा तिथे दोन-तीन वर्षे चराई थांबवणे स्वस्त पडते. ठोंब शिल्लक असतील, तर गवत आपणहून दाट होते. नसतील, तर पवन्या, डोंगरी, मारवेल यांचे बी पहिल्या पावसाआधी विखुरता येते.

गवत वाढवले की वणव्याची भीतीही वाढते. उन्हाळ्यात राख झाली की पुढच्या वर्षी गवत चांगले येते, या समजुतीने अनेकदा मुद्दाम काडी लावली जाते. त्यावर जाळरेषा काढणे आणि गवत कापून नेणे, हे दोन्ही उपाय चालतात. कापणी बी झडल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीनंतर केली तर पुढच्या वर्षाचे बियाणे जमिनीत राहते आणि गावातल्या गुरांना वैरणही मिळते. ती पट्ट्यापट्ट्यांनी करावी आणि काही पट्टे मार्चपर्यंत उभे ठेवावेत, कारण कझाकस्तानातून आलेले भोवत्ये तोवर त्याच गवतात मुक्कामाला असतात.